अनुवांशिक नव्हे हो! (आणि जुळ्यांच्या मानेवरचं जू)

प्रश्न असा आलाय: "आरोग्यावरचा एक लेख मराठीत करतेय, जुळ्यांवरच्या संशोधनाबद्दल आहे. त्यात 'जुळ्यांमध्ये वजन व रक्तदाबावरील सामायिक अनुवांशिक प्रभाव' असं शीर्षक केलंय. चालेल का? की अनुवंशिक लिहू?"

दोन्ही नको गं बाई. आनुवंशिक. पहिला 'आ', आणि 'वं'ला काना नाही. हे 'अनुवांशिक' मी दवाखान्याच्या बोर्डावर वाचलंय, टीव्हीच्या पट्टीवर वाचलंय, पाठ्यपुस्तकाच्या गाइडमधे वाचलंय आणि दर वेळी माझंच बीपी वाढतं. नियम शाळेतलाच आहे, इक लागला की शब्दाचा पहिला स्वर वाढतो: समाज-सामाजिक, वर्ष-वार्षिक, इतिहास-ऐतिहासिक, तसं अनुवंश-आनुवंशिक. वाढायचं ते पहिल्या अक्षरानं, मधल्यानं नाही. परंपराचं पारंपरिक होतं, तिथेही लोक 'पारंपारिक' लिहून मोकळे, आणि व्यवसायाचं व्यावसायिक होतं तिथे मात्र काना द्यायचा विसरतात. म्हणजे काना हवा तिथे नाही आणि नको तिथे दोन.

यावर एका संस्कृतवाल्या गृहस्थांनी मला पाणिनी ऐकवला. म्हणे काही शब्दांत दोन्ही पदांची वृद्धी होते, परलोक-पारलौकिक, अधिभूत-आधिभौतिक, 'अनुशतिकादीनां च' असं सूत्रच आहे, तेव्हा 'वां' बरोबर. सूत्र आहे, मान्य. पण साहेब, तुमचंच उदाहरण बघा की, पारलौकिकमधे पहिला पा आहे ना? समजा अनुवंश त्या यादीत कोंबला तरी होईल 'आनुवांशिक'. 'अनुवांशिक' कुठल्याच वाटेनं होत नाही, पाणिनीच्या नाही आणि पाणिनी न वाचलेल्यांच्याही नाही. त्यानंतर गृहस्थांनी विषय बदलला.

रक्तदाबाचं पण एकदा सांगून टाकतो. "आमच्याकडे सगळ्यांना रक्तदाब आहे, आनुवंशिक." अहो, असणारच! ज्याला रक्तदाब नाही त्याला चौघे उचलून नेतात. तुम्हाला आहे तो उच्च रक्तदाब. बोलताना 'बीपी आहे' म्हणा, बोलणं ते बोलणं, पण छापायच्या लेखात उच्च लिहायला काय जातं.

आता 'सामायिक'. इथे घोळ शुद्धलेखनाचा नाही, अर्थाचा आहे, आणि तुझ्या शीर्षकात तो नेमका झालाय. सामाईक म्हटलं की मराठी माणूस विचारतो, कोणाकोणात? विहीर सामाईक म्हणजे दोन भावांत, भिंत सामाईक म्हणजे दोन शेजाऱ्यांत. तुझं शीर्षक वाचून कोणीही समजेल की जुळ्या भावांत जनुकं सामाईक आहेत. ती आहेतच, त्यासाठी संशोधन कशाला पाहिजे! मूळ मुद्दा वेगळाय, की वजन आणि रक्तदाब ह्या दोन गोष्टींना एकाच विहिरीचं पाणी येतं का. म्हणजे जी जनुकं वजन ठरवायला हातभार लावतात त्यातलीच काही रक्तदाबालाही लावतात का. सामाईकपणा दोन गुणधर्मांत आहे, जुळे हे फक्त ते मोजायचं साधन.

मोजतात कसं तेही लेखात घाल, नाहीतर वाचकाला जुळे मधेच कुठून आले ते कळणार नाही. एकाच फलित बीजातून झालेल्या जुळ्यांची जनुकं जवळजवळ तंतोतंत सारखी. दोन वेगळ्या बीजांतून झालेल्यांची, माणसामाणसांत जो फरक असतो त्यातली सरासरी निम्मी, म्हणजे कुठल्याही सख्ख्या भावंडांइतकीच. दोन्ही प्रकारच्या जोड्या बहुतेक एकाच घरात, एकाच ताटातलं खाऊन वाढतात. आता एकाचं वजन आणि दुसऱ्याचं वजन ताडून बघायचं. एकबीज जोड्यांत ते जास्त सारखं निघालं तर जनुकांचा हात आहे. हे झालं साधं. तुझ्या लेखातली गंमत पुढची आहे, थोरल्याचं वजन आणि धाकट्याचा रक्तदाब असं तिरकं ताडायचं. एकाच्या वजनावरून दुसऱ्याच्या रक्तदाबाचा अंदाज एकबीज जोड्यांत जास्त चांगला लागत असेल तर विहीर एक आहे. तशी ती काही अंशी निघते, सगळी नाही, रक्तदाबाची स्वतःची वेगळी जनुकंही बरीच आहेत, आणि मीठ, व्यायाम, झोप ह्यांचं पाणी वरून येतं ते निराळंच.

कॅनडात क्वेबेकला 1990 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग होता, एकबीज तरुणांच्या 12 जोड्या घेतल्या, 100 दिवसांपैकी 84 दिवस त्यांना रोज 1000 कॅलरी जास्तीच्या खायला घातल्या, अगदी सासुरवाडीला आलेल्या जावयासारखं. सरासरी 8.1 किलो वजन वाढलं, पण कोणाचं 4.3 तर कोणाचं 13.3, आणि जो आपल्या भावाइतकाच फुगला तो दुसऱ्या जोडीतल्याइतका नाही फुगला. जोडीजोडीतला फरक जोडीच्या आतल्या फरकाच्या साधारण तिप्पट. हे वाचल्यापासून मी लग्नात पंगतीला जुळे बसलेले दिसले की वाढप्याकडे लक्ष ठेवतो.

तेव्हा शीर्षक 'वजन आणि रक्तदाब यांना सामाईक असलेली आनुवंशिकता: जुळ्यांचा अभ्यास' असं कर. लांब आहे पण खरं आहे.

बरं, जे विचारायला हवं होतं ते तू विचारलंच नाहीस. जुळं हा शब्द! लोक बेधडक सांगतात, चेहरे जुळतात म्हणून जुळी. मग एक गोरा एक सावळा, एक मुलगा एक मुलगी अशी जोडी झाली तर तिला काय न-जुळी म्हणणार? जुळं आलंय संस्कृत युगलवरून. शब्दाच्या तोंडचा य प्राकृतात ज होतो, यात्रेची जत्रा झाली, योग्याचा जोगी झाला, तसं युगल-जुअल-जुळ, आणि दोन स्वरांमधला ल आपल्याकडे ळ होतोच, फल-फळ, काल-काळ. म्हणूनच जुळ्यातला ज जीवनातला नाही, जहाजातला आहे. आणि ह्याच युगलाचा सख्खा भाऊ युग, त्याचं मराठीत काय झालं? जू. बैलांच्या मानेवरचं जू!

आता बघ कशी गंमत आहे. डॉक्टर लोक एकबीज जुळ्यांना 'मोनोझायगॉटिक' म्हणतात, ते झायगोट म्हणजे फलित बीज. हा शब्द ग्रीक 'झायगॉन'वरून, आणि झायगॉन म्हणजे काय तर जू! ग्रीक झायगॉन, लॅटिन युगुम, इंग्रजी योक, संस्कृत युग, आपलं जू, सगळी एका आईची लेकरं. म्हणजे 'झायगॉटिक जुळी' असं कोणी म्हणालं तर तो नकळत एकच शब्द दोनदा बोलतोय, एकदा ग्रीसहून आणलेला, एकदा आपल्या गोठ्यातला. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बायकोला उठवून सांगितलं. रात्रीचे साडेबारा वाजले होते. तिचं मत लिहीत नाही.

आणि जुळं एकटं नाही, त्यालाही जुळा शब्द आहे: जावळं. माझी आजी जावळं केळं पोरींना खाऊ द्यायची नाही, जुळी होतात म्हणे. हा जांवळ आलाय यमलवरून, परत य चा ज, आणि म चा अनुनासिक व, गाव-नाव-जावई सगळे असेच झालेत, ग्राम-नाम-जामातृवरून. (बाळाचं जावळ काढतात तो शब्द वेगळा, आणि जावळीचं खोरं ह्यात ओढू नका, मला पत्रं येतात.) यमलाच्या मुळाशी यम. यम म्हणजे मुळात जुळा! ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात यम-यमी ह्या जुळ्या भावंडांचा संवादच आहे, महाभारतात नकुल-सहदेवांना सरळ 'यमौ' म्हटलंय. यम म्हणजे नियमन करणारा असं कीर्तनकार सांगतात, पण वैदिक स्वर बघा ना, लगाम ह्या अर्थाच्या यम शब्दात आघात पहिल्या अक्षरावर, जुळ्यात आणि देवाच्या नावात शेवटच्या. इराणात हाच यम 'यिम' झाला आणि पुढे जमशेदमधला 'जम', तिथेही य चा ज! आणि आपली भाऊबीज म्हणजे यमद्वितीया, म्हणजे जुळ्या भावाबहिणीचाच सण निघाला की. ही जोडी अर्थात दोन बीजांची, एक मुलगा एक मुलगी, त्यामुळे बीपीच्या अभ्यासात त्यांना दुसऱ्या गटात बसावं लागलं असतं.

आता माझं लाडकं मत, आवडलं तर घ्या. कवितेतलं यमक म्हणजे जुळी अक्षरं. मराठीत यमकाला क्रियापद कुठलं लागतं? बसतं नाही, लागतं नाही, यमक *जुळतं*. एक यमवरून, एक युगलवरून, दोन्ही जुळेच, आणि भाषेनं त्यांना नेमकं शेजारी आणून बसवलंय. याला योगायोग म्हणणाऱ्यांनी (योग! परत तेच जू) खुशाल म्हणावं. जुळणं हे युगलवरून नाहीच, जुडणंमधल्या ड चा ळ झाला असं एका मित्राचं म्हणणं आहे, षोडशचं सोळा झालं, तडागाचं तळं झालं तसं. टाकाऊ नाही ते, पण मग जुळं आणि जुळणं मराठी माणसाच्या कानाला इतकी शतकं एकच कसं वाटलं? मूळ दोन असतील, आज घर एकच आहे. त्यानं अजून उत्तर दिलेलं नाही.

हां, आणि सामायिक की सामाईक? सामाईक लिही. सातबाऱ्यावर तेच असतं.