पी५३ कॅन्सर रोखणारं प्रथिन आहे, तर ते रिपोर्टमध्ये 'जास्त' येणं वाईट कसं? आणि त्यावरून उपचार बदलतात का?

तुम्ही लिहिलंय की आईला गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर आहे आणि बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये 'पी५३ अ‍ॅबनॉर्मल, ओव्हरएक्स्प्रेशन' असा शेरा आलाय. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, अशा स्लाइड्स बघणं हे माझं रोजचं काम. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

निरोगी पेशीत पी५३ सतत तयार होतं आणि लगेच मोडलंही जातं. डीएनएला इजा झाली की ते टिकून राहतं, पेशीची वाढ थांबवतं, आणि दुरुस्ती जमण्यासारखी नसेल तर त्या पेशीला मरायला लावतं. टीपी५३ या जनुकात बदल झाला, की बऱ्याचदा असं प्रथिन तयार होतं ज्याला हे काम जमत नाही आणि जे लवकर मोडलंही जात नाही. ते केंद्रकात साचत जातं. तुमच्या रिपोर्टमधलं 'जास्त' म्हणजे या निकामी प्रथिनाचा साठा. तुमचा गोंधळ अगदी स्वाभाविक आहे. १९७९ मध्ये पी५३ सापडलं तेव्हा कॅन्सरच्या पेशींत ते भरपूर दिसलं, म्हणून पुढची जवळपास दहा वर्षं शास्त्रज्ञसुद्धा त्याला कॅन्सर घडवणारं प्रथिनच समजत होते.

पी५३ असलेल्या जागी तपकिरी रंग येईल अशी प्रक्रिया स्लाइडवर केली, की सूक्ष्मदर्शकाखाली हे फार स्पष्ट दिसतं. जनुक शाबूत असेल तर केंद्रकांचा रंग संमिश्र असतो: काही फिकट तपकिरी, काही गडद, काही बिनरंगाची. ओव्हरएक्स्प्रेशन असेल तर ट्यूमरची जवळजवळ सगळी केंद्रकं एकजात गडद तपकिरी दिसतात. तिसरा प्रकार नवख्या नजरेला फसवतो. ट्यूमर अगदी कोरा असतो आणि शेजारच्या निरोगी पेशींत मात्र थोडा रंग आलेला असतो. तिथे जनुक इतकं बिघडलेलं असतं की प्रथिन तयारच होत नाही. हाही अ‍ॅबनॉर्मलच. त्यामुळे कुणी नुसतं 'पी५३ पॉझिटिव्ह' किंवा 'निगेटिव्ह' लिहिलेलं मला बिलकूल पटत नाही. पॅटर्न लिहायलाच हवा.

आता उपचारांचं. तुमच्या आईच्या कॅन्सरमध्ये या शेऱ्याला खूप वजन आहे. २०१३ पासून हा कॅन्सर रेणूंच्या पातळीवर चार गटांत विभागला जातो आणि त्यात पी५३ अ‍ॅबनॉर्मल हा सर्वांत आक्रमक गट. पोर्टेक-३ या उपचारांची तुलना करणाऱ्या क्लिनिकल ट्रायलमधल्या जास्त जोखमीच्या रुग्णांच्या गाठी २०२० मध्ये या गटांप्रमाणे तपासल्या गेल्या. पी५३ अ‍ॅबनॉर्मल गटात नुसत्या रेडिएशननंतर पाच वर्षांनी आजार न उलटलेल्या स्त्रिया सुमारे ३६ टक्के होत्या, रेडिएशनसोबत केमो दिलेल्यांत सुमारे ५९ टक्के. इतका फरक स्लाइडवरच्या रंगाच्या पॅटर्नवरून वेगळा काढता येतो, ही मला आजही फार मोठी गोष्ट वाटते. फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०२३ च्या स्टेजिंगमध्ये तर गाठ गर्भाशयापुरतीच असली तरी स्नायूत शिरलेली आणि पी५३ अ‍ॅबनॉर्मल असेल, तर स्टेज वर सरकते.

पण हे लेबल पक्कं करण्याआधी दोन गोष्टी बघाव्या लागतात. पोली (POLE) या डीएनएची नक्कल करणाऱ्या जनुकात ठरावीक बदल असतील किंवा एमएमआर, म्हणजे नक्कल होतानाच्या चुका दुरुस्त करणारी प्रथिनं गायब असतील, तर पी५३ चा बिघाड बऱ्याचदा मागाहून आलेला असतो आणि आजार त्या-त्या मूळ गटासारखा वागतो. पोलीचा गट तर चारांत सर्वांत सौम्य. तेव्हा 'एमएमआर आणि पोली तपासलंय का?' हे ऑन्कॉलॉजिस्टना नक्की विचारा. एचईआर२ या पेशीची वाढ चालवणाऱ्या प्रथिनाबद्दलही विचारा. या गटातल्या काही गाठींत ते वाढलेलं असतं आणि मग त्यावर नेम धरणाऱ्या ट्रॅस्टुझुमॅब या औषधाचा विचार होऊ शकतो.

इंटरनेटवर 'टीपी५३' शोधून दुसऱ्याच कॅन्सरचं वाचू नका, एवढी कळकळीची विनंती. अंडाशयाच्या हाय-ग्रेड सिरस कॅन्सरमध्ये हा बिघाड जवळजवळ सगळ्यांतच असतो, त्यामुळे निदानाला मदत होते, पण कुणाला कोणतं औषध द्यायचं हे त्यावरून ठरत नाही. सीएलएल या रक्ताच्या कॅन्सरमध्ये तोच बिघाड औषध ठरवतो. नेहमीची केमो डीएनएला इजा करते आणि पेशीला मारायचं काम बरंचसं पी५३ वर सोडते. पी५३ निकामी असेल तर ती तोकडी पडते. म्हणून तिथे इब्रुटिनिब किंवा व्हेनेटोक्लॅक्ससारखी, पी५३ वर फारशी न विसंबणारी औषधं निवडतात.

शेवटी तुम्ही विचारलंय की हे आनुवंशिक आहे का. गाठीत सापडलेला टीपी५३ चा बदल बहुतेक वेळा फक्त गाठीतच असतो. जन्मजात बदलाला ली-फ्रॉमेनी सिंड्रोम म्हणतात, तो दुर्मीळ आहे. घराण्यात लहान वयात स्तनाचा, हाडाचा, मेंदूचा कॅन्सर किंवा सार्कोमा झालेले लोक असतील, तर मात्र जेनेटिक काउन्सेलरना भेटा आणि ते रेडिएशन ठरण्याआधी भेटा, कारण या सिंड्रोममध्ये रेडिएशनमुळे नवा कॅन्सर होण्याचा धोका वाढतो. एमएमआरचा रिपोर्ट बिघडलेला आला, तर लिंच सिंड्रोमसाठीही (एमएमआरच्या जनुकांतला जन्मजात बिघाड) काउन्सेलिंगबद्दल डॉक्टरांशी बोला. त्यात भावंडांनाही तपासणी लागू शकते.