पुडी बदला, खोड नको

या वेळी निम्म्याहून जास्त प्रश्न जुन्या ड्रमचे आले. वेगवेगळ्या कंपन्यांचे, वेगवेगळ्या रंगांचे ड्रम घरात गोळा झालेत आणि त्यांचा एक सेट करायचाय, असं बहुतेकांचं म्हणणं. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या वेळेला.

प्रश्न : माझे मोठे काका रेल्वेतल्या बँडमध्ये वाजवायचे. त्यांचे लुडविग कंपनीचे १२, १३ आणि १६ इंची ड्रम माझ्याकडे आहेत, पांढऱ्या पर्लचे (मोत्यासारखी झाक असलेले). बेस ड्रम (पायाने वाजवायचा मोठा) केव्हाच गहाळ झाला. मी नवा २२ इंची काळा बेस ड्रम घेतलाय. जुनं रॅप (बाहेरचं प्लास्टिकचं आवरण) सोलून सगळे काळे करायचे आहेत. दसऱ्यापर्यंत होईल का? (सदर, नागपूर)

दसरा कशाला, चार दिवसांत होईल. म्हणूनच घाईने लिहितोय की थांबा.

आधी तिन्ही ड्रमची हेड (ताणलेले पडदे, ज्यांवर वाजवतो ते) काढा आणि आत टॉर्च मारा. करड्या ठिपक्यांचा रंग, पातळ लाकूड, दोन्ही टोकांना आतून चिकटवलेलं लाकडी कडं दिसलं, तर माल साधारण १९६०च्या दशकातला किंवा १९७०च्या दशकाच्या सुरुवातीचा. १९६०च्या दशकातल्या पुष्कळ लुडविग ड्रममध्ये आत लाल शाईत तारखेचा शिक्काही सापडतो. तो पुसायचा नाही, त्यावर रंगही लावायचा नाही.

आता रॅप. त्या काळची बरीच रॅप सेल्युलॉइडची. लहानपणी टेबल टेनिसचा फुटका बॉल काडी लावून पेटवला असेल, तर तो कसा भुर्रकन जातो ते तुम्हाला माहीत आहे. अशा रॅपवर हीट गन (कडक गरम हवा सोडणारं यंत्र) धरायला कुणी तयार झाला, तर त्याच्या दुकानातून ड्रम उचलून घरी या.

माझं म्हणणं उलटं आहे. नव्याने जुन्यासारखं व्हावं. सून घरात आली म्हणून कुणी देवघर पाडत नाही. रॅप लावायचंच असेल तर नव्या बेस ड्रमला लावा, त्याचं काही बिघडत नाही. फक्त कॅटलॉगमधला शुभ्र पांढरा मागवू नका. काकांच्या ड्रमचा एक लग (हेड ताणणारा रॉड, म्हणजे लांब स्क्रू, ज्यात पिळतात तो धातूचा तुकडा) सोडवून बघा. त्याखाली मूळच्या पांढऱ्याचा ठसा दिसेल आणि भोवतालचा रंग सायीसारखा, कुठे कुठे चहा सांडल्यासारखा. जुळवायचंय ते त्या सायीशी. पिवळसर छटेचं जुनं दिसणारं पर्ल मिळतं, तेच मागा.

याहून स्वस्त युक्ती हवी? बेस ड्रमच्या लाकडी हूपमध्ये (हेड दाबून धरणाऱ्या कड्यात) मधोमध रंगीत पट्टी असते. अंग काळंच राहू द्या आणि दोन्ही हूपमध्ये पांढऱ्या पर्लची पट्टी बसवा. दहा फुटांवरून सेट एका घरचा वाटतो. उद्या नको झालं तर पट्टी काढून टाका. माझ्या स्वतःच्या सेटवर कित्येक वर्षं हेच आहे.

प्रश्न : जुन्या २० इंची बेस ड्रमला एकही भोक नाही. त्यावर टॉमचा (काठीने वाजवायच्या लहान ड्रमचा) होल्डर बसवायचाय. ड्रिल मारू का? (कामठी)

नाही. भोक न पडलेल्या जुन्या बेस ड्रमला जाणकार जास्त पैसे मोजतात. टॉम स्नेअरच्या (खाली तारा असलेल्या ड्रमच्या) स्टँडवर ठेवा, किंवा झांजेच्या स्टँडला क्लॅम्प लावून अडकवा. टॉमलाही भोक नको असेल तर रॉडलाच धरणारे माउंट मिळतात. आधीच कुणी भोकं पाडली असतील तर मात्र सोवळं पाळू नका, तीच वापरा.

प्रश्न : दोन टॉम जुने आहेत, एक नवा. नव्याची कड टोकदार, जुन्यांची गोलसर. ओळखीचे सुतार राऊटरने (लाकूड कोरायच्या यंत्राने) तिन्ही सारख्या करून देतो म्हणतात. आवाज सारखा होईल का? (नंदनवन)

होईल, आणि जुन्यांचा जो आवाज तुम्हाला आवडतो तो जाईल. गोलसर कडेवर हेड जास्त टेकतं, त्यामुळे नाद लवकर आवरतो आणि आवाज गुबगुबीत येतो. ४५ अंशांच्या टोकदार कडेवर हेड जेमतेम टेकतं, म्हणून आवाज लख्ख आणि लांब. जुन्या ग्रेट्श कंपनीच्या ड्रमची कड ३० अंशांची, त्यांच्या आवाजात तिचा मोठा वाटा.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. ऑर्केस्ट्रात वाजवायचो तेव्हाची गोष्ट. जुना १६ इंची फ्लोअर टॉम (जमिनीवर पायांवर उभा राहणारा मोठा टॉम) एका फर्निचरच्या कारखान्यात नेला आणि कड 'सरळ' करून आणली. कारागीर हाताचा चांगला होता, पण त्याला टेबल माहीत होतं, ड्रम नाही. एका बाजूला दोन मिलिमीटर जास्त उतरलं. तो ड्रम नंतर एका सुरात लागलाच नाही. आता त्यात घरच्या छत्र्या असतात.

कड खरंच वाकडी आहे का, ते घरी बघता येतं. हेड काढून खोड (ड्रमचं लाकडी अंग) स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर उपडं ठेवा (आधी ओटा खरंच सपाट आहे ना, पट्टी ठेवून बघा). दिवे बंद करा, आत पेटता मोबाइल ठेवा आणि भोवती फिरा. उजेडाची बारीक रेघ ठीक आहे. पोस्टकार्ड सरकेल एवढी फट असेल, तरच ड्रमचंच काम करणारा माणूस शोधा.

प्रश्न : जुन्या प्रीमियर कंपनीच्या टॉमवर नवं १४ इंची हेड बसतच नाही. शेल (खोड) बाहेरून थोडं घासलं तर? (जरीपटका)

पॉलिश पेपर खाली ठेवा! तुमचा ड्रम सुजलेला नाही, त्याचं मापच वेगळं आहे. १९६०च्या दशकाच्या शेवटापर्यंत प्रीमियरची मापं इंग्लंडातली होती, आजच्या आंतरराष्ट्रीय मापांपेक्षा किंचित मोठी. त्यासाठी 'प्री-इंटरनॅशनल' मापाची हेड वेगळी मिळतात. महाग पडतील, पण वर्षानुवर्षं टिकतील. रॉडही कुठल्याही सेटमधला उचलून पिळू नका, आटे जुळत नाहीत आणि लगमधले आटे जातात.

प्रश्न : काका, माझ्या सेटमधले तिन्ही टॉम तीन कंपन्यांचे आहेत. कॉलेजच्या गॅदरिंगला वाजवले तर तीन वेगळ्या खोल्यांतून आवाज आल्यासारखं वाटलं. नवा सेट घ्यावा का? (धरमपेठ)

नको गं. आधी हेड बघ. मला खात्री आहे, तिन्हींवर वेगवेगळी असतील, आणि खालची तर कुणी बदललीच नसतील. वर तिन्हींना एकाच जातीची, खाली तिन्हींना एकाच जातीची लाव. बेमेळपणा बराचसा तिथेच संपतो. तबलजी पुडी बदलतो, खोड पिढ्यान् पिढ्या तेच राहतं. इथेही तसंच.

मग पेटी घेऊन बस. फ्लोअर टॉमला सा धर, १३ इंचीला म, १२ इंचीला ध. हा माझा आवडता मेळ. प्रत्येक रॉडजवळ, कडेपासून दोन बोटं आत बारीक टिचकी मार, सगळीकडे एकच सूर येईपर्यंत समोरासमोरचे रॉड पाव-पाव फेरा पिळ. खालचं हेड वरच्यापेक्षा थोडं चढं ठेव. वाजवताना काही खरखरलं तर लगच्या आतली स्प्रिंग असेल. तिथे फोमचा तुकडा कोंब. हे सगळं करायला एक रविवार लागतो.

प्रश्न : जुन्या लगचं क्रोम उडालंय. नवं प्लेटिंग करावं का? (महाल)

लग बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव असतो. आधीचा थर उतरवायच्या तेजाबात तोच खाल्ला जातो. मऊ कापडाने पुसा आणि राहू द्या.

प्रश्न : वडिलांचा ड्रमसेट घरात कुठे ठेवावा? (प्रतापनगर)

कूलरच्या झोतात सोडून कुठेही. मे महिन्यात पारा ४५ वर, घर कोरडं ठणठणीत, आणि त्याच लाकडावर एका बाजूने रात्रभर ओला वारा. जुन्या खोडाचे थर सुटतात, आतली कडी निखळतात. गच्चीवरची खोलीही नको. आतल्या खोलीत, भिंतीपासून वीतभर लांब, वर सुती चादर. हेड सैल करून ठेवायची गरज नाही.