काच फुटली नाही, मग चोरी कशी झाली?

वाचकाची अडचण थोडक्यात अशी. सात वर्षांची कीलेस स्टार्टची (चावी न फिरवता, ती जवळ असली की सुरू होणारी) गाडी, हौसेने घडवलेली: सस्पेन्शन बदललेलं, अलॉय व्हील्स, बकेट सीट्स, ईसीयूचं म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचं ट्यूनिंग. रात्री सोसायटीच्या पार्किंगमधून ती गेली. सीसीटीव्हीत एक जण पिशवी धरून यांच्या फ्लॅटच्या दाराशी उभा दिसतो, दुसरा गाडीपाशी, आणि दोन मिनिटांच्या आत गाडी गेटबाहेर. सकाळीच एफआयआर केला, विमा कंपनीला मात्र नवव्या दिवशी कळवलं. कंपनीने दावा नाकारला: गाडी फोडल्याची खूण नाही म्हणजे चावी गाडीतच राहिली असणार, कळवायला उशीर झाला, फेरबदल लपवले. त्यात दुसरी चावी तीन वर्षांपूर्वीच हरवलेली. घरात आणखी एक जुनी गाडी आहे, तिला कसं जपायचं, हाही प्रश्न आहे.

नकारपत्रातलं पहिलं कारण ऐकायला भारी आहे, पण त्यात दम नाही. पॉलिसीचा पहिला विभाग काढून वाचा. तिथे घरफोडी आणि चोरी हे वेगवेगळे शब्द आहेत. २००४ मध्ये हरचंद राय चंदनलाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बळाच्या वापराचा पुरावा मागितला होता आणि कंपन्यांचे वकील तो निकाल हमखास पुढे करतात. पण ती मालाची घरफोडी पॉलिसी होती आणि तिच्या व्याख्येतच बळाची अट होती. मोटार पॉलिसीत नुसती चोरी पुरते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ प्रमाणे दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम वस्तू त्याच्या संमतीशिवाय अप्रामाणिक हेतूने हलवली की चोरी झाली. काच फुटलीच पाहिजे असं तिथे कुठेही नाही.

आता त्या पिशवीवाल्याकडे या. तुमच्या दाव्याचा खरा साक्षीदार तोच आहे. कीलेस गाडी चावीला हाक मारत असते. गाडीपाशी उभ्या माणसाचं यंत्र ती हाक उचलतं आणि दाराशी उभ्या माणसाच्या पिशवीतलं यंत्र ती तुमच्या घरात पोचवतं. चावी इमानदारीने उत्तर देते, ते उलट्या वाटेने गाडीपर्यंत जातं. चावी तुमच्या खुंटीवर लटकलेली आणि गाडी समजते मालक आला. याला रिले अटॅक म्हणतात. यात काच फुटत नाही, कुलूप तुटत नाही, म्हणजे खूण नसणं हीच त्याची खूण. म्हणून चित्रण आजच हाती घ्या. सोसायटीच्या यंत्रात जुन्यावर नवं चढत जातं, महिन्याभरापूर्वीचं मागायला गेलात तर सचिव खांदे उडवतील. कॉपीसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र घ्या, नाहीतर पुढे तिच्यावर आक्षेप येईल. अशा गाड्यांवर काम करणाऱ्या एखाद्या जाणकार तंत्रज्ञाचं लेखी मतही जोडा.

समजा चावी खरोखर गाडीत राहिली असती, तरी सगळं बुडत नाही. २०२३ च्या अशोक कुमार विरुद्ध न्यू इंडिया अश्युरन्स प्रकरणात चावी ट्रकमध्येच राहिली होती आणि सर्वोच्च न्यायालयाने ७५ टक्के रक्कम द्यायला लावली. याला नॉन-स्टँडर्ड तडजोड म्हणतात. पण ती मागायची पर्यायी मागणी म्हणून. पहिली मागणी पूर्ण रकमेचीच ठेवा.

हरवलेल्या चावीबद्दल मित्राने दिलेला सल्ला तुम्ही पत्रात अगदी सहज लिहून टाकलाय: नवी बनवून ती जुनी म्हणून कंपनीला द्या. चुकूनही नाही! कंपन्या चाव्या तपासायला पाठवतात. सात वर्षं वापरलेल्या चावीच्या बटणांवरची चिन्हं झिजलेली असतात, कडेला ओरखडे असतात, आणि काही कंपन्यांच्या गाड्यांच्या चावीत गाडी शेवटची किती किलोमीटरवर चालली याचीही नोंद राहते. नवी चावी तिथल्या तिथे पकडली जाईल आणि चांगला दावा फसवणुकीचा ठरेल. ती केव्हा, कशी हरवली ते सरळ प्रतिज्ञापत्रावर लिहा. तेव्हा नवी बनवली असेल तर तिचं बिल लावा.

उशिराचं कारण लवकर निपटतं. गुरशिंदर सिंग विरुद्ध श्रीराम जनरल या २०२० च्या निकालात तीन न्यायमूर्तींनी स्पष्ट केलं की पोलिसांत लगेच तक्रार झाली असेल, तर विमा कंपनीला उशिरा कळवलं एवढ्याच कारणावर चोरीचा दावा नाकारता येत नाही. एफआयआरवरची वेळ हायलाइट करून जोडा.

फेरबदलांबाबत मात्र तुमची बाजू लंगडी आहे. विमा आयडीव्हीवर, म्हणजे पॉलिसीत लिहिलेल्या गाडीच्या किमतीवर मिळतो. बाहेरून बसवलेल्या वस्तू पॉलिसीत वेगळ्या नोंदवून त्यांचा प्रीमियम भरलेला नसेल, तर व्हील्स-सीट्सचे पैसे विसरा. तुमच्या जमवलेल्या बिलांनी ते परत येणार नाहीत. पण त्यापायी मूळ गाडीची रक्कमही अडवणं वेगळं. सस्पेन्शन बदललं म्हणून गाडी चोरीला गेली असं कंपनीला म्हणता येतं का? नितीन खंडेलवाल प्रकरणात खाजगी गाडी भाड्याने चालवली होती, तरी चोरीच्या दाव्यात ती अटभंगाची बाब गैरलागू मानून ७५ टक्के मिळाले. फक्त इंजिन किंवा रंग बदलून आरसीवर नोंद केली नसेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येईल. तसं काही केलं असेल तर मला आधी सांगा, कंपनीच्या वकिलाकडून ऐकायला लावू नका.

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. महिन्याभरात समाधान झालं नाही, तर विमा लोकपाल: दावा ५० लाखांपर्यंतचा आणि अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत. किंवा जिल्हा ग्राहक आयोग, दोन वर्षांच्या आत, तुम्ही राहता तिथला. दोन्हीकडे एकदम जाता येत नाही. दरम्यान पोलिसांकडे ‘अ’ समरीसाठी (गुन्हा खरा, पण चोर सापडला नाही असा अहवाल) पाठपुरावा ठेवा आणि आरटीओला चोरीचं लेखी कळवा, म्हणजे गाडी परस्पर दुसऱ्याच्या नावावर चढायची नाही.

दुसऱ्या गाडीसाठी पैसे खर्च करायचेच असतील, तर अलार्मवर नको. भोंगा ऐकून कोणी गॅलरीत येत नाही. स्टीअरिंगचं जाडजूड कुलूप लावा, चोराला वेळ लागतो आणि ते बाहेरून दिसतं. जोडीला लपवलेला इमोबिलायझर (इंजिन सुरूच होऊ न देणारं यंत्र) आणि जीपीएस ट्रॅकर. कीलेस गाडी असेल तर चावी धातूच्या अस्तराच्या पिशवीत ठेवा, हा सगळ्यात स्वस्त उपाय. प्रत्येक वस्तूचं बिल घ्या, बसवलेल्या जागी फोटो काढा आणि कंपनीला ईमेल करून एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीत तशी नोंद मागा. ‘वाजवी काळजी घेतली नाही’ हे वाक्य पुढच्या नकारपत्रात येऊ नये यासाठी हा सगळा कागद. एआरएआय या वाहन चाचणी संस्थेने मान्य केलेलं चोरीविरोधी उपकरण असेल तर प्रीमियममध्ये थोडी सूटही असते. ट्रॅकरवर गाडी कुठे दिसली तर स्वतः धावू नका, पोलिसांना घेऊन जा.

राहिलं तुमचं शेवटचं वाक्य: रात्री बॉनेट आणि दाराच्या हँडलला करंट सोडला तर? १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात चेरुबिन ग्रेगरी याचं प्रकरण आलं होतं. परके लोक आपलं शौचालय वापरतात म्हणून त्याने वाटेत उघडी विजेची तार लावली. शेजारच्या बाईच्या शौचालयाची भिंत पडली होती, ती तिथे गेली आणि दगावली. ‘माझी जागा, माझा बचाव’ हे न्यायालयाने ऐकलं नाही, निष्काळजीपणाने मृत्यूची शिक्षा कायम राहिली. तुमच्या बॉनेटला पहिला हात चोराचाच लागेल असं नाही. पार्किंगमध्ये मुलं क्रिकेट खेळतात हेही तुम्हीच लिहिलंय. वायर जोडली असेल तर हे पत्र संपवण्याआधी काढा.