महाबळेश्वरच्या दुकानातून मध घेताना काय पाहावं? भेट द्यायलाही हवा आहे.

दुकानात शिरल्यावर आधी विचारा, 'कुठल्या फुलाचा?' महाबळेश्वरच्या रानात जांभूळ, गेळा, हिरडा, कारवी असे वेगवेगळे मध मिळतात. जांभळाचा गडद असतो आणि मागाहून जिभेवर किंचित तुरट-कडवट उतरतो. ती त्याची खूण आहे, त्याला खराब समजू नका. कारवी दर 7-8 वर्षांनी फुलते, त्यामुळे तिचा मध दरवर्षी नसतो. 'कारवीचा आहे' म्हणाले तर कुठल्या साली काढला तेही विचारा. चाखताना फिक्यापासून गडदाकडे जा आणि मध्ये पाण्याचा घोट घ्या, नाहीतर फिक्या मधाची चवच लागत नाही.

मग लेबल वाचा: काढल्याची किंवा भरल्याची तारीख, एफएसएसएआय (केंद्राची अन्नसुरक्षा संस्था) परवाना क्रमांक, निव्वळ वजन. मिलिलिटरवर भाव करू नका, वजनावर करा. मध पाण्याच्या साधारण 1.4 पट जड असतो, म्हणजे 500 मिलिच्या बाटलीत जवळजवळ 700 ग्रॅम बसतो.

पाण्यात थेंब टाकणं, मधात बुडवलेली काडी पेटवणं या शुद्धतेच्या परीक्षांवर माझा अजिबात विश्वास नाही. घट्ट साखरेचा पाकही त्यात पास होतो. बाटली उलटी करून हवेचा बुडबुडा वर कसा चढतो ते पाहिलं, तर मध पातळ आहे की घट्ट एवढंच कळतं. पण तेही उपयोगाचं आहे. पोळ्यातल्या घरांवर मेणाचं झाकण बसायच्या आधी मध काढला, की त्यात पाणी 20 टक्क्यांच्या वर राहतं आणि तो आंबतो. तोंडाशी फेस, आंबूस वास, झाकण उघडताना 'फस्स' आवाज, असं काही आढळलं तर बाटली परत ठेवा. आग्या माशीचं (रानातली मोठी मधमाशी) पोळं पिळून काढलेल्या मधात परागकण आणि अळ्यांचा रसही उतरतो, म्हणून तो लवकर बिघडतो. सातेरी माशीच्या (पेटीत पाळता येणारी देशी मधमाशी) पेटीतला, यंत्रावर फिरवून काढलेला मध स्वच्छ असतो.

कुठून घ्यावा? मधुसागर ही मधपाळांची सहकारी संस्था आहे, आणि खादी मंडळाचा मध 'मधुबन' नावाने मिळतो. सवड असेल तर जवळच्या मांघरला जा. 2022 साली ते देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. तिथे पेट्या पाहता येतात, आणि ज्याने मध काढला त्यालाच प्रश्न विचारता येतात.

थंडीत मध साखरेसारखा गोठला तर फेकू नका. ग्लुकोजचे खडे होतात, भेसळीचा तो पुरावा नव्हे. गॅस बंद करून 40-45 अंशांच्या पाण्यात बाटली ठेवा, झाकण सैल करा, पाणी निवलं की बदला. उकळलात तर वास आणि गुण दोन्ही जातात.

भेटीसाठी एका मोठ्या बाटलीपेक्षा 250 ग्रॅमच्या दोन वेगळ्या फुलांच्या बाटल्या द्या. शेजारी ठेवून चाखल्या की फरक घेणाऱ्यालाच कळतो. घरात एक वर्षाखालचं बाळ असेल तर त्याला मध चाटवू नका, हे देतानाच सांगा. बॉट्युलिझमचा, म्हणजे जिवाणूंमुळे होणाऱ्या गंभीर विषबाधेचा, धोका असतो. गाडीत बाटली उभीच ठेवा आणि झाकणाखाली प्लॅस्टिकचा तुकडा लावून घट्ट फिरवा, घाटाच्या वळणांवर गळती तिथूनच होते.