तिळाचा रिपोर्ट : वाचकांच्या शंका

प्रश्न : नऊ वर्षांच्या मुलीच्या गालावरचा लालसर तीळ काढला. रिपोर्टमध्ये ‘स्पिट्झ नीव्हस’ लिहिले आहे. हा कर्करोग आहे का?

उत्तर : नाही. नीव्हस म्हणजे तीळ. पॅथॉलॉजिस्ट सोफी स्पिट्झ यांनी 1948 साली अशा गाठींचे वर्णन केले, तेव्हा निबंधाच्या शीर्षकातच ‘मेलानोमा’ (त्वचेच्या रंगपेशींचा कर्करोग) हा शब्द होता. पेशी मोठ्या आणि लांबट दिसतात, म्हणून तो संशय आजही पाठ सोडत नाही. मात्र रिपोर्टमध्ये ‘अटिपिकल’ (नेहमीपेक्षा वेगळा) असा उल्लेख असेल किंवा तीळ पूर्ण निघालेला नसेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना अवश्य दाखवावे.

प्रश्न : चुना लावल्याने तीळ जातो का?

उत्तर : त्वचा भाजते. लावू नये.

प्रश्न : पार्लरमध्ये मानेवरचा तीळ लेझरने जाळला. चार महिन्यांत तिथेच वेडावाकडा काळा डाग आला. बायोप्सीत एका लॅबने मेलानोमाची शंका घेतली, दुसरीने साधा तीळ म्हटले. खरे काय मानावे?

उत्तर : स्लाइड पाहिल्याशिवाय निवाडा देणे अनुचित ठरेल, पण असे प्रश्न वारंवार येतात, म्हणून सविस्तर लिहितो. तीळ वरवर जाळला की खोलवरच्या पेशी शिल्लक राहतात आणि जखम भरताना नव्या त्वचेत अस्ताव्यस्त पसरतात. त्या वरच्या थरांतही चढतात, आणि हे चित्र मेलानोमाशी इतके जुळते की 1975 साली त्याला ‘स्यूडोमेलानोमा’ (खोटा मेलानोमा) असे नाव देण्यात आले. विचित्र पेशी फक्त व्रणाच्या वरच आहेत आणि व्रणाखाली जुना, शांत तीळ उरला आहे, असे दिसले तर निदान सोपे होते. परंतु त्यासाठी तिथे आधी तीळ जाळला होता हे पॅथॉलॉजिस्टला कळायला हवे, आणि बायोप्सीच्या अर्जावर नेमके तेच लिहिलेले नसते. मूळ तीळ तपासलेला असता तर त्याच्या स्लाइडशी ताडून पाहता आले असते. ‘पाच मिनिटांत तीळ गायब’ अशी जाहिरात करणारे पुरावाच जाळून टाकतात, आणि तो तीळ मुळात मेलानोमा असेल, तर निदानाला होणारा उशीर रुग्णाला भोवतो. आपण दोन्ही लॅबमधील स्लाइड, पॅराफिन ब्लॉक (मेणात जतन केलेला बायोप्सीचा तुकडा) आणि जुना फोटो असल्यास तो घेऊन, त्वचेच्या पॅथॉलॉजीत काम करणाऱ्या तज्ज्ञांकडे याच आठवड्यात जावे.

प्रश्न : तळपायावरचा तीळ घासला गेल्याने कर्करोग होतो, असे शेजारी म्हणतात. काढावा का?

उत्तर : घासला जातो एवढ्याच कारणासाठी काढू नये. तळव्यावरील निरुपद्रवी तिळातही काही पेशी वरच्या थरांत चढलेल्या आढळतात आणि तो मेलानोमा वाटू शकतो. त्यामुळे काढलाच, तर अर्जावर ‘तळपाय’ असे स्पष्ट लिहून घ्यावे. मात्र भारतीयांमध्ये मेलानोमा बऱ्याचदा तळव्यावरच आढळतो. तीळ वाढत असेल, रंग बदलत असेल किंवा त्यातून रक्त येत असेल, तर शेजाऱ्यांना न विचारता डर्मोस्कोपी (खास भिंगाने त्वचेची तपासणी) करून घ्यावी.