बोकडांच्या पिकअपला ‘वारा कापणारी’ बॉडी बांधावी का?

प्रश्न : उस्मानाबादी बोकड बाजाराला न्यायला पिकअप घेतली. बॉडी बांधणारा म्हणतो, पिंजऱ्याला तिन्ही बाजूंनी सपाट पत्रा मारा, केबिनवर फायबरचा डिफ्लेक्टर (वारा वर वळवणारा उतरता पडदा) बसवा; वारा कापला जातो, डिझेल वाचतं. करून घेऊ का?

उत्तर : पत्रा मारू नका. बॉडीवाला पत्रा विकतो, बोकड तुमचे मरतात.

वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, हे त्याचं म्हणणं खरं आहे. पण म्हणूनच 80 च्या वेगाला जेवढा अडथळा, त्याच्या चौथा हिस्साच 40 ला उरतो. जनावरं भरलेली गाडी तुम्ही तशीही 40-50 च्या वर पळवायची नाही. तेव्हा डिझेल वाचवायचं तर ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका ठेवा, त्याला फुटका पैसा लागत नाही. डिफ्लेक्टर तरी कधी उपयोगी? पिंजऱ्याची पुढची भिंत बंद असेल आणि त्याची उंची तिच्या वरच्या कडेला बरोबर जुळत असेल तर. नाहीतर तो स्वतःच वारा अडवतो. दुकानात मिळाला तो ठोकून दिला, असले डिफ्लेक्टर मी डझनांनी पाहिलेत.

आता खरी गोष्ट. आपल्याला वाटतं, गाडी पळाली की हवा पुढून शिरते आणि मागून जाते. पुढून बंद, वर छत आणि बाजूंना फटी अशा गाडीत नेमकं उलटं होतं. केबिनच्या लगेच मागच्या फटींतून हवा बाहेर ओढली जाते, तिची जागा घ्यायला मागच्या फटींतून नवी हवा आत येते आणि आतल्या आत पुढे सरकते. खोटं वाटत असेल तर जुन्या साडीच्या काठाच्या वीतभर पट्ट्या पुढच्या आणि मागच्या गजांना बांधा आणि रिकामी गाडी रस्त्याला काढा, शेजारून कुणालातरी दुचाकीवरून बघायला सांगा. पुढच्या पट्ट्या बाहेर फडफडतील, मागच्या आत ओढल्या जातील.

म्हणजे मागच्या जनावरांनी वापरलेली गरम, दमट हवाच पुढच्यांच्या नाकात जाते. बाजारात गाडी उघडल्यावर मेलेला बोकड बहुतेक वेळा केबिनला चिकटलेला सापडतो, तो यामुळे. लोक म्हणतात चेंगरला. चेंगरतोही, पण त्याआधी गुदमरलेला असतो.

म्हणून मागच्या फाळक्यावर ताडपत्री सोडू नका. पावसातही नाही. पाऊस आला तर छताची ताडपत्री बाजूंना हातभर खाली घ्या. फाळक्याजवळच्या आणि केबिनमागच्या फटी दोन्ही उघड्या राहिल्या पाहिजेत. एक बुजवली की दुसरी कामाची राहत नाही. मागून हवा शिरते म्हणजे धूळ आणि सायलेन्सरचा धूरही शिरतो, तेव्हा फाळका खाली भरीव आणि वर गजांचा ठेवा, सायलेन्सरची नळी तपासून घ्या. पैसे खर्चायचेच असतील तर पिंजऱ्याचे पुढचे दोन कोपरे गोल करून घ्या आणि मध्ये गजांचं आडवं पार्टिशन टाका, पत्र्याचं नको. ब्रेक लागला की सगळा कळप पुढे ढिगाने जातो, तो तिथे अडतो. बॉडीत बदल करण्याआधी आरटीओची मंजुरी घ्या.

आणि दाटी. मोटार वाहन नियमांत शेळी-मेंढीला प्रत्येकी 0.3 चौरस मीटर जागा धरली आहे. नऊ बाय साडेपाच फुटांच्या हौद्यात पंधरा बोकड बसतात. तुम्ही पस्तीस भरता आणि मला हवेचं विचारता!

प्रश्न : वाटेत बोकड दंगा करतात. ड्रायव्हर म्हणतो, दुकानातून झोपेचं इंजेक्शन आणून टोचू.

उत्तर : अजिबात नाही. झायलेझिन, म्हणजे हेच झोपेचं औषध, घोड्याला लागतं त्याच्या दहाव्या हिश्श्यात गाय आडवी होते, शेळी त्याहून नाजूक. दुकानदार अंदाजाने ‘दोन एमएल’ सांगतो, बोकड बसतो, पोट फुगतं, श्वास मंदावतो आणि बसलेल्याच्या अंगावर बाकीचे उभे राहतात. पुन्हा सांगतो, दुकानदाराच्या सांगण्यावरून सुई नाही. दंगा हा दाटीचा आणि उन्हाचा असतो. पहाटे चारला भरा, ऊन चढायच्या आत उतरवा. भर दुपारी भरू नका. भरलेली गाडी चहाला ढाब्यावर उन्हात लावू नका. गाडी थांबली की वर सांगितलेला वारा थांबला, आत भट्टी होते. निघताना पोटभर खुराक नको, पाणी पाजा. पीपीआर या शेळ्यांच्या साथरोगाची लस किमान तीन आठवडे आधी, निघायच्या दिवशी नाही. पशुवैद्यकाचा दाखला सोबत ठेवा.

प्रश्न : गाडीला अनुदान आहे का?

उत्तर : राष्ट्रीय पशुधन अभियानात 100 शेळ्या व 5 बोकडांच्या गटाला 50 टक्के, कमाल 10 लाख. वैयक्तिक कार त्यात बसत नाही. बाकी तालुक्याच्या दवाखान्यात विचारा, एजंटाला नाही.