राइझ, रेझ, अराइझ, असेंड, क्लाइंब: ‘वर जाणे’साठी कुठे कोणता शब्द?

तुमचा प्रश्न असा आहे की इंग्रजीत वर जाण्याला राइझ, रेझ, अराइझ, असेंड, क्लाइंब, सोअर असे ढीगभर शब्द आहेत, मराठीत मात्र ‘वर जाणे’ एवढंच. तर कुठे काय वापरायचं?

आधी एक दुरुस्ती. मराठीत ‘वर जाणे’ जरा जपूनच वापरावं लागतं. शेजारचे आजोबा वर गेले म्हटलं तर लोक चपला शोधायला लागतील. बाकी शब्दांची श्रीमंती आपल्याकडेच जास्त आहे. सूर्य उगवतो, पावाचं पीठ फुगतं, पारा चढतो, सोनं वधारतं, माणूस खुर्चीवरून उठतो, नदी उगम पावते. या सहाही ठिकाणी इंग्रजी माणूस एकट्या ‘राइझ’वर भागवतो. म्हणजे आपली अडचण शब्द फार असण्याची नाही, एका शब्दाच्या पोटात आपले सहा शब्द बसलेत ही आहे.

यातल्या नदीने मला एकदा चांगलंच तोंडावर पाडलंय. भाषांतराच्या कामाला नुकता लागलो होतो. भूगोलाच्या मजकुरात ‘द गोदावरी राइझेस निअर त्र्यंबकेश्वर’ असं वाक्य आलं आणि मी बिनदिक्कत लिहिलं, ‘त्र्यंबकेश्वरजवळ गोदावरीची पातळी वाढते.’ मजकूर तपासणारे गृहस्थ नाशिकचे निघाले. कागद माझ्यापुढे सरकवून म्हणाले, “अहो, तिथे ती वाढत नाही, जन्मते. वाढते ती खाली आमच्या रामकुंडावर, पावसाळ्यात.” तेव्हापासून नदीशेजारी ‘राइझ’ दिसला की मी आधी नकाशा बघतो.

आता राइझ आणि रेझ. व्याकरणाच्या पुस्तकात अकर्मक-सकर्मक असं लिहिलेलं असतं, ते खरंच आहे, पण मराठी माणसाला त्याची गरज नाही. पडणे-पाडणे, मरणे-मारणे, तरणे-तारणे या जोड्या आपण शाळेत जायच्या आधीपासून बोलतो. झाड पडतं, कोणीतरी झाड पाडतं. राइझ हा ‘पडणे’च्या रांगेतला आणि रेझ ‘पाडणे’च्या. आपोआप होतं ते राइझ, कोणीतरी करतं ते रेझ. किंमती राइझ होतात, दुकानदार त्या रेझ करतो. धूळ राइझ होते, मोटार ती रेझ करते. सिट-सेट, लाय-ले, फॉल-फेल या जोड्याही याच घडणीच्या. शेवटच्या जोडीतला ‘फेल’ म्हणजे चक्क झाड पाडणे. हा योगायोग नाही. धातूतला स्वर बदलून ‘करायला लावणे’ हा अर्थ आणायची रीत संस्कृतातही आहे (पतति, पातयति) आणि इंग्रजी ज्या जर्मानिक शाखेतली, तिथेही आहे. फक्त ‘रेझ’ इंग्रजांच्या घरचा नव्हे, तो जुन्या नॉर्समधून, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेतून, व्हायकिंगांबरोबर आलेला. घरचा शब्द ‘रिअर’, तो आता पोरं आणि कोंबड्या वाढवण्यापुरता उरलाय.

रूपं मात्र पाठच करावी लागतील: राइझ, रोझ, रिझन, रेझ, रेझ्ड, रेझ्ड. पगारवाढीला ब्रिटिश ‘राइझ’ म्हणतात, अमेरिकन ‘रेझ’. आपल्याकडे दोन्ही सोडून ‘हाइक’ मागतात, आणि मिळते ती बहुतेक वेळा तिसरीच.

शब्द बरोबर निवडूनही लोक पुढच्या ‘बाय’ आणि ‘टू’वर घसरतात. ‘बाय’ म्हणजे आपलं ‘नी’, ‘टू’ म्हणजे ‘वर’. टोमॅटो वीस रुपयांनी वाढले आणि साठवर गेले. इथवर सोपं. पण व्याजदर 6 टक्क्यांवरून 8 टक्क्यांवर गेला, तर तो ‘टू पर्सेंट’ने वाढला असं लिहू नका, ‘टू पर्सेंटेज पॉइंट्स’ने म्हणा. 6 टक्क्यांच्या दोन टक्के वाढ धरली तर दर 6.12 टक्केच होईल. बातम्यांत ही चूक इतकी दिसते की आता मी पेपर वाचताना पेन्सिल लांब ठेवतो.

अराइझ म्हणजे उद्भवणे. अडचण, शंका, वाद अशा हाताला न लागणाऱ्या गोष्टींसाठी. ‘प्रश्नच उद्भवत नाही’ म्हणजे ‘द क्वेश्चन डझ नॉट अराइझ’. आणि प्रश्न कोणी मुद्दाम उपस्थित केला तर तो पुन्हा रेझ.

असेंड हा सोवळ्यातला शब्द. राजा सिंहासनावर असेंड होतो, तुम्ही माळ्यावर होत नाही. 29 मे 1953 रोजी तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोचले, त्याला ‘फर्स्ट असेंट’ म्हणतात. तिथे त्याचा थाट शोभतो. हा लॅटिन ‘स्कांदेरे’वरून आला, आणि तो आपल्या संस्कृत ‘स्कन्द्’ म्हणजे उडी मारणे या धातूचा भाऊबंद. त्याच लॅटिन धातूतून शिडीचा शब्द ‘स्काला’ झाला आणि त्या शिडीवरून पुढे एस्कलेटर. हे मुळात व्यापारी नाव होतं. 1900 सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात सरकता जिना या नावाने मिरवला. ओटिस कंपनीचा त्या नावावरचा हक्क 1950 साली गेला, कारण तोवर ते सगळ्यांच्याच तोंडी बसलं होतं. त्यातून ‘एस्कलेट’ हे क्रियापद निघालं. आज पुण्यातल्या कुठल्याही आयटी कचेरीत ‘मी हे एस्कलेट करीन हं’, म्हणजे वरच्या साहेबांकडे नेईन, ही सभ्य भाषेतली धमकी आहे.

क्लाइंबबद्दल एकच लक्षात ठेवा: त्यात मुख्य गोष्ट वर जाणं नाही, हातापायांची धडपड आहे. म्हणून ‘क्लाइंब डाउन’ चालतं, मांजर झाडावरून असंच उतरतं. याच्या अगदी उलट सोअर. घार पंख न हलवता वाऱ्यावर तरंगत चढते ते सोअर. भाव सोअर झाले म्हणजे कोणाच्या हातात राहिले नाहीत.

राहता राहिला ‘अप’. हा नेहमी वर नेतोच असं नाही. ईट अप, यूझ अप, टेअर अप यांत वरचा काही संबंध नाही. तो आपला ‘टाकणे’ आहे: खाऊन टाक, संपवून टाक, फाडून टाक. ‘ईट’ म्हणजे खा, ‘ईट अप’ म्हणजे ताटात काही ठेवू नकोस.

आणि रेल्वेचा ‘अप’ तर चढाला जुमानतच नाही. मध्य रेल्वेवर मुंबईकडे येणारी गाडी अप, मुंबईहून निघालेली डाउन. त्यामुळे पुण्याहून आलेली अप गाडी लोणावळा सोडल्यावर बोरघाट उतरत कर्जतला येते. आणि डाउन गाडीला तोच घाट, 37 फुटांना एक फूट असा चढ, चढायचा असतो. त्यासाठी कर्जतला तिला मागून ढकलणारी जादा इंजिनं लावतात.